रेघ तीनदा वळली

१

अभनपूरच्या बंद राइस मिलमधल्या कोरड्या हौदात चारुदत्त देवपुजारी सापडले ते शुक्रवारी सकाळी आठला. चौकीदार चुकलेली बकरी शोधत आत शिरला होता. हौदाच्या पायऱ्यांवर म्हातारा पालथा पडलेला, डोक्यामागचं रक्त वाळून काळं झालेलं. पोलीस आले, डॉक्टर आले, कागद झाले. गुरुवारी संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान मृत्यू, असं कागदावर लिहिलं गेलं. एकटा म्हातारा माणूस, दिवेलागणीची वेळ, चित्र काढता काढता पायरीवरून घसरला असेल. अपघात. त्यात कोणालाच वावगं दिसलं नाही.

शर्मिष्ठा घाटेलाही नाही. चारुकाकांमुळे तर तिला ही नोकरी मिळाली होती. रायपूरच्या एका शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवून ती घरी बसली, तेव्हा रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले काका तिला हाताला धरून नव्या रायपूरला घेऊन आले. तिथे चार खोल्यांच्या एका ऑफिसात 'गढफेरी' नावाचा खेळ तयार होत होता. हजारो लोक आपापल्या घरी बसून एकाच वेळी खेळतील असा. कोणी वैद्य व्हायचं, कोणी घोडेस्वार, आणि प्रत्येकाला एक कामगिरी, अमुक गढीवरून अमुक वस्तू शोधून आण. खेळाडू वाट चुकू नये म्हणून त्याच्या पावलांपुढे जमिनीवर एक पिवळी रेघ उमटायची. रेघ धरून चाललं की मुक्काम यायचा. काका खेळातले नकाशे हातानं काढत. शर्मिष्ठेचं काम वेगळं होतं. नवख्यासारखं सावकाश चालायचं, आणि रेघ, पाट्या, शब्दांत दिलेल्या खुणा एकमेकींशी जुळतात का ते बघायचं.

काका जाऊन वीस दिवस झाले. एकविसाव्या दिवशी एक तक्रार आली. खेळ उघडण्याआधी काही लोकांना तो चाखायला दिला होता, त्यांतल्या बिलासपूरच्या एकानं लिहिलं होतं, 'दीदी, राइस मिल में लाइन पगला गई है. मचान के नीचे खाली ज़मीन है, फिर भी घूम के जाती है.'

शर्मिष्ठा मालकाच्या केबिनमध्ये गेली. मालक म्हणजे अनिमेष, अडतीस वर्षांचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. काकांच्या तेराव्याला सगळ्यात मोठा हार त्यानंच आणला होता.

"मिलच्या टप्प्यात रेघ वाकडी जाऊन राहिली आहे म्हणे," ती म्हणाली. "माचाखाली रिकाम्या जमिनीला वळसा घालते. परागले सांगते पाहाले."

अनिमेषनं स्क्रीनवरून मान वर केली. "परागला नको. सोमवारी गेम ओपन आहे दीदी, आता कशालाच हात लावायचा नाही." मग तो म्हणाला, "एक काम करा ना. गंधालीकडे धानाच्या पोत्यांची चित्रं पडली आहेत. तीन पोती ठेवून द्या तिथे. लोकांना वाटेल रेघ पोत्यांना वळसा घालते. बात ख़तम."

युक्ती सोपी होती. शर्मिष्ठा मान डोलावून आपल्या टेबलाशी आली.

२

काका गेल्यापासून तिनं मिलचा टप्पा उघडला नव्हता. आज उघडला. सगळं हुबेहूब होतं. पत्र्याच्या भोकांतून पडणारे कवडसे, पोती रचायचा लाकडी माच, त्याला लावलेली शिडी, आणि पलीकडे कमरेएवढ्या भिंतीमागे धान भिजवायचा मोठा हौद. खेळाडूनं हौदात उतरून तळातली तांब्याची किल्ली आणायची, अशी कामगिरी होती.

ती दारातून आत शिरली. पिवळी रेघ सरळ पुढे निघाली, आणि माचाखाली आल्यावर, समोर काही नसताना, डावीकडे वळून अर्धगोल घेऊन पुन्हा जागेवर आली.

पोतं ठेवायला तिचा हात गेला आणि थांबला. बावीस वर्षं ती मुलांना एकच गोष्ट शिकवत आली होती. नदी उगाच वळत नाही. ती वळली तर आडवं काय आलं ते आधी शोधायचं.

ती रेघेमागून पुढे गेली. हौदाच्या पायऱ्या उतरताना रेघ भिंतीला घासून गेली, जणू पायऱ्यांच्या मधोमध कोणी बसलं होतं. हौदाच्या तळाशी रेघेनं आणखी एक वळसा घेतला. तिन्ही जागा रिकाम्या होत्या.

रेघ बनवणाऱ्या परागनं तिला एक कळ दाखवून ठेवली होती. ती दाबली की खेळातली झाडं, भिंती, ऊन सगळं नाहीसं होतं आणि रेघेला जी जमीन दिसते तेवढीच उरते. चालता येईल ती निळी, आडवं काही असेल तर काळी. शर्मिष्ठेनं कळ दाबली.

निळ्या जमिनीवर तीन काळी बेटं होती.

तिनं चौकटी मोजल्या. एक चौकट म्हणजे अर्धा फूट. माचाखालचं बेट अकरा चौकटी लांब आणि तीन चौकटी रुंद. हौदाच्या तळातलंही तेवढंच. पायऱ्यांवरचं मात्र आखूड होतं, मुडपलेलं, आणि त्याच्यातून एक बारीक फांदी वरच्या पायरीकडे गेली होती.

ती स्क्रीनकडे वाकली. मग तिनं स्वतःचा उजवा हात लांब करून टेबलावर ठेवला आणि परत स्क्रीनकडे पाहिलं.

फांदी नव्हती ती. हात होता.

३

"दीदी, तुमचा चेहरा कसा झाला आहे? पाणी आणू?" गंधाली उठून उभी राहिली. सव्वीस वर्षांची ही मुलगी खऱ्या जागांची मोजमापं घेऊन त्यांचं खेळातलं रूप बनवायची.

"पाणी नको. मिल कशी मोजली ते सांग मले. सगळं, पहिल्यापासून."

गंधालीनं सांगितलं. गुरुवारी चौदा तारखेला ती, पराग आणि काका अभनपूरला गेले. अनिमेष सर आले नाहीत, त्यांना ताप होता. मोजायचं मशीन माणसाच्या दुप्पट उंच स्टँडवर उभं केलं, म्हणजे भिंतीपलीकडचंही येतं. त्याचं डोकं गरगर फिरतं आणि आजूबाजूचं जे काही असेल ते मोजून घेतं. वीस-वीस मिनिटांच्या तीन फेऱ्या. तेवढा वेळ आत कोणी जायचं नाही. हलतं ते मशीन सोडून देतं, पण एका जागी थांबलेला माणूसही भिंतीसारखा मोजला जातो.

"बारा चाळीसला लावलं, एक चाळीसला संपलं. तोवर मी अन् पराग बाज़ारमध्ये जेवायला गेलो. काकांनी डबा आणला होता, ते बाहेरच थांबले. परत आल्यावर मशीन परागनं उचललं, मैं तो गाड़ी में ही बैठी थी."

"आन मोजमापात फालतू काही आलं, कुत्रं, बादली, तर कोण पुसतं?"

"मैं ही. पुसलं की एक बटण दाबायचं, जमीन पुन्हा मोजायचं. नाहीतर दिसायला वस्तू जाते, पण रेघेच्या हिशोबात ती तिथंच राहते. मशीन ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडलं की पहिली मोजणी आपोआप होते, परागनंच तसं करून ठेवलं आहे. त्या दिवशी चारला जोडून आम्ही दोघं निघालो. पण दीदी, मिलमध्ये पुसायला काही नव्हतंच. मलाच नवल वाटलं होतं, इतकं साफ कसं म्हणून. म्हणून मी बटणही नाही दाबलं."

"पुसल्याची नोंद राहते?"

"हो, हर एक." गंधालीनं नोंदवही उघडली. तिचं बोट खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं. 'राइस मिल. तीन वस्तू काढल्या. गंधाली. चौदा तारीख, संध्याकाळी पाच वाजून आठ मिनिटं.'

"ये मैंने नहीं किया," ती पुटपुटली. "दीदी, आईची शपथ, हे मी नाही केलं." तिचा पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला होता. ऑफिसात तो सगळ्यांनाच पाठ होता.

"पाचला तू कुठं होती?"

"काकूंकडे, ब्राह्मणपाऱ्यात. काका बसनं येतील, असं सांगायला गेले होते."

काका सापडले शुक्रवारी सकाळी. मग गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, घरी सगळे त्यांची वाट बघत असताना, मिलमध्ये पुसण्यासारखं काही आहे हे कोणाला ठाऊक होतं?

४

ब्राह्मणपाऱ्यात भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर काका-काकूंचं घर होतं. इंदूकाकूंनी दार उघडलं. काळ्या बेटांबद्दल शर्मिष्ठेनं चकार शब्द काढला नाही. तिनं फक्त त्या गुरुवारचं विचारलं.

"गंधाली? हव, ती पोट्टी इथंच होती," काकू म्हणाल्या. "साडेचारले आली. मी पोहे केले. सहा वाजले तरी हे आले नाही, म्हणून मीच तिले बसस्टँडवर पाहाले पाठवलं. काहून विचारून राहिली तू?"

"काही नाही काकू. काकांची वही आहे का हो, त्या दिवशीची?"

पोलिसांनी परत दिलेली पिशवी काकूंनी कपाटातून काढली. वहीचा कोपरा चेपलेला होता. काकांची एक सवय शर्मिष्ठेला ठाऊक होती, प्रत्येक चित्राच्या खाली ते वेळ लिहीत. जुन्या नोकरीची सवय. तिनं शेवटची पानं उघडली. मिलचं दार, दहा पाच. चक्कीचा पट्टा, अकरा वीस. बाहेरचं बाभळीचं झाड, बारा पस्तीस. पुढची पानं कोरी.

"पोलीस म्हणे चित्र काढता काढता अंधार झाला, अन् पडले," काकू म्हणाल्या. "पण मले समजत नाही. बारा पस्तीस ते सात, कागद कोरा ठेवून बसणारा माणूस होता का तो?"

शर्मिष्ठेनं ते शेवटचं पान पुन्हा पाहिलं. तिनं वही मिटली. "काकू, काकांचं कोणाशी काही वाजलं होतं?"

"परागशी वाजतच होतं, ते तुलेही माहीत आहे. त्या रेघेवरून. पण ते ऑफिसातलं भांडण, घरी येऊन हेच हसत. आन तो अनिमेष दोनदा येऊन गेला. कागद घेऊन. सगळे नकाशे कंपनीचे, असं लिहून द्या म्हणे. यायनं सही नाही केली. म्हणे खेळात नकाशाखाली माझं नाव ठेवा, मग करतो."

जिना उतरताना शर्मिष्ठेच्या डोक्यात मात्र परागच फिरत होता. कारण पोलिसांना जबाब दिला होता तो परागनं. पावणेदोनला मी हाक मारली, आणि काका बाहेरून म्हणाले, तुम्ही जा, मी बसनं येतो.

पावणेदोनला काका बोलले असतील, तर पायऱ्यांवरचं ते बेट खोटं. बेट खरं असेल, तर पराग खोटं बोलला होता.

५

तिनं परागला दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसबाहेर गाठलं. समोर नव्या रायपूरचा सहा पदरी रस्ता, वर ऊन, आणि रस्त्यावर एक चिटपाखरू नाही.

पराग तिशीचा, अबोल. त्याचं आणि काकांचं भांडण साऱ्या ऑफिसनं ऐकलं होतं. काकांना रेघ मुळीच नको होती. रेघ दिली की माणूस जमीन पाहत नाही, नुसती रेघ पाहतो, असं ते म्हणत. पिंपळ डाव्या हाताला ठेवून चाल, पाण्याचा आवाज आला की थांब, अशा खुणा त्यांनी शब्दांत लिहून दिल्या होत्या. परागनं त्या काढून रेघ आणली. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले.

"पराग, त्या दिवशी तू हाक मारली तवा काका नेमके कुठं होते?"

"बाहर. पेड़ के पास."

"तुले दिसले?"

"आवाज़ आई."

"काय म्हणाले?"

"वही... बस से आऊँगा." त्याची नजर रस्त्याकडे गेली.

शर्मिष्ठेनं मोबाइल पुढे केला. निळी जमीन, तीन काळी बेटं. "हे तुझंच काम आहे. वाचून दाखव मले."

पराग वाकून बघू लागला. रेघेची जमीन त्याच्याइतकी कोणाला वाचता येत नव्हती. बेटावर बोट ठेवलं की ते कोणत्या फेरीत मोजलं गेलं त्याचा आकडा यायचा. त्यानं माचाखालच्या बेटावर बोट ठेवलं. एक. हौदाच्या तळातल्या. दोन. पायऱ्यांवरच्या बेटावर त्याचं बोट अडखळलं. तीन.

"तिसरी फेरी एक वीस ते एक चाळीस," शर्मिष्ठा म्हणाली. "काका शुक्रवारी जिथं सापडले तीच ही जागा. तू मशीन उचलायला किती वाजता आत गेला?"

"पौने दो."

"मग बसचं कोण बोललं तुझ्याशी?"

"कोई नहीं." त्याचा आवाज फुटला. "कोणीच नाही बोललं दीदी. मी हाकच नाही मारली. काका दिसले नाहीत, मैंने सोचा अच्छा है, मुँह नहीं देखना पड़ेगा. गंधालीला सांगून टाकलं की बसनं येतील. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विचारलं तर तेच बोललो. कानात हेडफोन होते माझ्या. गाने चल रहे थे." त्यानं मान वर केली. "मशीन किती लांब होतं पायऱ्यांपासून?"

तिनं मोजलेलं होतं. खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. "वीस पावलं. मधे भिंत होती. तुले दिसले नसते."

"पण ऐकू आलं असतं."

आणि तो भर उन्हात, तापलेल्या फरशीवर, खाली बसला.

शर्मिष्ठा त्याच्याजवळ उभी राहिली. हा माणूस खोटं बोलला होता, पण त्यानं पुसलं नव्हतं. ज्यानं रेघ बनवली तो वस्तू पुसल्यावर जमीन पुन्हा मोजायला विसरणार नाही. गंधालीही विसरणार नाही. ज्यानं पुसलं त्याला हे बटण असतं हेच ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणजे गेलं.

आणि मग तिला ते आठवलं.

केबिनमध्ये ती एका वळणाबद्दल बोलली होती. माचाखालच्या. बाकीची दोन तेव्हा तिनं पाहिलीही नव्हती.

तीन पोती ठेवून द्या, असं तो म्हणाला होता.

६

शनिवारी दुपारी चारला सगळे अनिमेषच्या केबिनमध्ये जमले. शर्मिष्ठेनंच बोलावलं होतं. गंधाली दाराला टेकून, पराग खिडकीशी, आणि चहाचा ट्रे हातात घेऊन शांताबाई, जी या ऑफिसात पहिल्या दिवसापासून चहा करत होती.

"मीटिंग आहे का?" अनिमेष हसला. "पोती झाली ठेवून?"

"नाही ठेवली," शर्मिष्ठा म्हणाली. "आधी मले हे सांग, तीन काहून? मी तर तुले एकच वळण सांगितलं होतं."

हसू चेहऱ्यावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "असंच बोललो. दो, तीन, काय फरक पडतो?"

"वळणं तीनच आहेत. तू त्या दिवशी अभनपूरले गेला नाही म्हणतो. मिलचा टप्पा तू उघडला नाही. मग मोजली कोणी?" तिनं निळ्या जमिनीचा कागद टेबलावर ठेवला. शाळेत फळ्याशी उभी राहून सांगायची तशी ती सांगू लागली. "पहिल्या फेरीत काका माचाखाली पडलेले आहेत. वरून पडले, दुपारी एकच्या आत. दुसऱ्या फेरीत ते हौदाच्या तळाशी आहेत. मधे कमरेएवढी भिंत आहे. डोकं फुटलेला माणूस ती स्वतःहून ओलांडत नाही. कोणीतरी उचलून नेलं. हौदात पडून मेले असं दिसावं म्हणून. माचाकडे कोणी पाहू नये म्हणून, तिथल्या धुळीत दोघांची पावलं उमटली असतील ना."

"दीदी, तुम्ही काय बोलत आहात तुम्हाला—"

"संध्याकाळी पाच वाजून आठ मिनिटांनी गंधालीच्या नावानं तीन वस्तू पुसल्या गेल्या. गंधाली तेव्हा काकूंकडे होती. परागनं पुसलं असतं तर रेघही सरळ झाली असती. परागले सांगू नको, पोती ठेव, हे काहून म्हणाला तू? परागनं एक कळ दाबली असती तर त्याले सगळं दिसलं असतं."

"मैं घर पे था! ताप होता मला!"

तिनं मान वळवली. "शांताबाई, चौदा तारखेले, गुरुवारी, साहेब आले होते का?"

शांताबाईनं ट्रे टेबलावर ठेवला. तिला आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं. "हव, आय रिहिस. पाँच बजे के बेरा. चाहा घलो नइ पीस. गंधाली दीदी के कुरसी म बइठे रिहिस."

पाच वाजता, चहासुद्धा न पिता, गंधालीच्या खुर्चीत. सगळ्यांनी अनिमेषकडे पाहिलं.

अनिमेष खुर्चीत हळूहळू खाली सरकत गेला. "मी ढकललं नाही," तो म्हणाला. "सही हवी होती फक्त. त्या सोमवारी पैसे लावणारे हैदराबादचे लोक येणार होते, नकाशे आमचे आहेत हे दाखवायला लागणार होतं. मला टाळायला ते आत गेले, माचावर चढले. मी मागून गेलो. वही ओढली. त्यांनीही ओढली. अन् माझ्या हातात वही राहिली." त्यानं तोंडावर हात दाबला. "मला वाटलं संपले. शपथ. श्वास नव्हता. मशीन चालू आहे हे मला निघताना दिसलं. उचललं तेव्हा मेलेलेच होते ते."

"उचललं तेव्हा तुले तसं वाटलं असेल," शर्मिष्ठा म्हणाली. "ते मी मानते."

तिनं कागदावरच्या तिसऱ्या बेटावर बोट ठेवलं.

"पण पाच वाजता तू स्क्रीनसमोर बसला. तू त्याहिले हौदाच्या तळाशी ठेवून आला होता. आन स्क्रीनवर ते पायऱ्यांवर होते. मेलेला माणूस पायऱ्या चढत नाही, अनिमेष. तुले पाच वाजता समजलं की तू जिवंत माणूस टाकून आला. इथून अभनपूर अर्ध्या तासावर. डॉक्टरनं काय लिहिलं आहे? सात ते आठ."

गंधालीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला.

"साडेपाचले तू तिथं असता. नाहीतर एक फोन. नाव न सांगता. कोणालेही." पुढचं पराग बोलला, खिडकीकडे तोंड करून, इतक्या हळू की नीट ऐकूही आलं नाही.

"उसने डिलीट दबाया."

अनिमेषनं तो कागद उलटा केला. बाहेरच्या खोलीत बसलेल्या ठाणेदारानं खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. शर्मिष्ठेनं सकाळीच जाऊन सगळे कागद त्याच्यापुढे ठेवले होते, आणि केबिनचं दार तिनं मुद्दामच लोटून न घेता उघडं ठेवलं होतं.

७

काकूंना सांगायला कोणी जायचं हा प्रश्नच नव्हता. रविवारी सकाळी शर्मिष्ठा ब्राह्मणपाऱ्यात गेली. पराग आणि गंधाली खाली रस्त्यावर थांबले. पराग वर यायला तयार नव्हता.

रस्ताभर तिनं ठरवलं होतं की एवढंच सांगायचं, अनिमेषनं वही ओढली आणि काका पडले. बाकीचं कशाला? पण कोर्टात ते वाचलं जाणार होतं, पेपरात छापून येणार होतं. परक्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिच्या तोंडून ऐकलेलं बरं.

तिनं सगळं सांगितलं. माच, हौद, पायऱ्या. एक वाजता, पावणेदोनला, पाचला.

काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला नाही. खडे वेगळे होत राहिले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी पोहे करत होती तवा?"

"हो काकू."

"आन सहाले? मी दिवा लावला तवा?"

"हो."

आता हात थांबला. काकूंनी सूप बाजूला ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या नुसत्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, जणू तिथे कोणी काही लिहीत होतं.

"तीन आठवडे मी देवाचे उपकार मानून राहिली, शर्मिष्ठा. म्हटलं, पडले आन गेले. हाल नाही झाले. लोकही आले, तेच बोलून गेले." त्या शर्मिष्ठेकडे वळल्या. "किती पायऱ्या चढले?"

"चार."

"एकूण किती होत्या?"

"सात."

काकूंनी मान हलवली. डोकं फुटलेला माणूस. चार पायऱ्या. मग त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि खाली पाहिलं. रस्त्याच्या कडेला पराग भिंतीला टेकून उभा होता, हात लोंबत सोडून.

"तो पोट्टा वर काहून नाही आला?"

"त्याले वाटते, त्यानं हाक मारली असती तर..."

काकूंनी खिडकीच्या कडीला हात लावला. शर्मिष्ठेला वाटलं, आता त्या खिडकी लावून घेतील. लावली असती तरी कोणी त्यांना नाव ठेवलं नसतं. खालून एक स्कूटर गेली, भांड्यांच्या दुकानात कोणी घागर वाजवून बघितली.

मग इंदूकाकू खिडकीतून वाकल्या आणि परागला त्यांनी मोठ्यानं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, हाक मारली.